बिबट्या आणि गिधाड एकाच अनुसूचीत कसे? कायद्याने जीवशास्त्राला विचारायचे कुठे?

कादवाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी निफाड तालुक्यातील शेतकरी कुटुंबातली आहे. प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यावर सध्या नाशिकमध्ये कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. प्रश्न अभ्यासाचा आहे, पण तो सुचला तो घरच्या शेतात.

गेल्या हंगामात आमच्याकडे ऊसतोड चालू असताना सरीतल्या पाचटावर बिबट्याची तीन पिल्ले आढळली. डोळे नुकतेच उघडलेले होते आणि अंगावरचे ठिपके इतके दाट होते की लांबून पिल्ले राखाडीच दिसत होती. टोळीने कोयते खाली ठेवले आणि मुकादमाने वन विभागाला फोन केला. आलेल्या माणसांनी पिल्ले टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवली, अंधार पडण्याआधी ते कॅरेट नेमके त्याच सरीत नेऊन ठेवले, शेजारी कॅमेरा लावला आणि आम्हा सर्वांना वस्तीवर परत पाठवले. रात्री मादी आली आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. सकाळी रिकामे कॅरेट उचलताना आमचे आण्णा म्हणाले, "संपत चाललेत म्हणता, मग दर साली माझ्याच उसात व्यायला कुठून येतात?"

मला त्यांना उत्तर देता आले नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्रजातींच्या यादीत आहे आणि अंजनेरीच्या कड्यावरचे लांब चोचीचे गिधाडही त्याच अनुसूचीत आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत मात्र हे गिधाड 'अतिसंकटग्रस्त' आहे आणि बिबट्या त्याच्या दोन पायऱ्या खाली, 'असुरक्षित' या वर्गात आहे. तर मग अनुसूची ठरवताना जीवशास्त्र विचारात घेण्याचे बंधन कायद्यात कुठे लिहिलेले आहे का, आणि नसेल तर विज्ञान या कायद्यात नेमके कोणत्या वाटेने येते, हे जाणकारांनी सांगावे.

शरणपूर रोडवरचा वकील

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत एखादी प्रजाती घालण्याचा, काढण्याचा किंवा एका अनुसूचीतून दुसरीत हलवण्याचा अधिकार कलम ६१ ने केंद्र सरकारला दिला आहे, आणि त्यासाठी अट एवढीच आहे की तसे करणे सरकारला इष्ट वाटले पाहिजे. संख्या किती उरली, ती किती वेगाने घटते आहे, अधिवासाचे किती तुकडे झाले आहेत, यांपैकी एकही गोष्ट पाहिलीच पाहिजे असे त्या कलमात म्हटलेले नाही. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या, तेव्हा संसदेच्या स्थायी समितीने काही प्रजाती सुटल्याचे आणि काही चुकीच्या ठिकाणी पडल्याचे दाखवून दिले होते. परंतु प्रजाती कोणत्या निकषावर कुठे ठेवायची, तो निकष दुरुस्तीनंतरही कायद्याच्या मजकुरात आलेला नाही.

तुलनेसाठी अमेरिकेचा १९७३ चा कायदा पाहावा. तिथे एखादी प्रजाती संकटग्रस्त ठरवण्याचा निर्णय 'केवळ' उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम शास्त्रीय व व्यापारविषयक माहितीच्या आधारे घ्यावा लागतो. हा 'केवळ' शब्द १९८२ मध्ये मुद्दाम घातला गेला, जेणेकरून प्रजातीला यादीत घेताना धरण अडेल की रस्ता अडेल हा हिशेब मध्ये येऊ नये. तो हिशेब पुढे, तिचा अधिवास अधिसूचित करण्याच्या टप्प्यावर करण्याची मुभा आहे. आपल्याकडे विज्ञानाचा असा स्पष्ट उल्लेख काही ठिकाणी आहे. उदाहरणार्थ, वाघांचे संरक्षित गाभा क्षेत्र ठरवणाऱ्या कलम ३८-व्ही मध्ये 'शास्त्रीय व वस्तुनिष्ठ निकष' हे शब्द आहेत. कलम ६१ मध्ये ते नाहीत.

आता दुसरी बाजू. अनुसूचीला दुर्मीळतेची उतरंड समजले की आपल्याला पडला तो पेच पडतोच. वकिलाच्या दृष्टीने अनुसूची ही अधिकारांची आणि शिक्षेची वाटणी आहे. अनुसूची १ मधील प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. कलम ११ प्रमाणे अशा प्राण्याला मारण्याची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. अनुसूची २ मधल्या प्राण्यासाठी ती परवानगी खालचा प्राधिकृत अधिकारीही देऊ शकतो, आणि तिथे 'उभ्या पिकांसह मालमत्तेला धोका' हेही कारण पुरते. याशिवाय कलम ६२ खाली ठरावीक भागापुरते आणि मुदतीपुरते 'उपद्रवी' घोषित करण्याचा मार्ग अनुसूची १ च्या प्राण्यांना लागू होत नाही. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर यांच्याबाबतीत तो वापरला गेला आहे. म्हणजे बिबट्याला एका अनुसूचीतून दुसरीत हलवा असे कोणी म्हणते, तेव्हा त्याची संख्या किती हा प्रश्न मागे पडतो आणि बंदूक कोणाच्या सहीने सुटेल हा प्रश्न पुढे येतो.

शिवाय बिबट्याच्या कातड्याचा आणि नखांचा चोरटा व्यापार होतो आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला आळा घालणाऱ्या सायटीस कराराच्या परिशिष्ट १ मध्येही तो आहे. निफाडच्या उसात तो किती दिसतो याचा या कारणाशी संबंध नाही.

सिन्नर-अकोले शिवेवरून

वकीलसाहेबांनी कलमे नीट मांडली आहेत, तेव्हा मी आण्णांच्या प्रश्नाकडे वळतो. काही वर्षे या भागात कॅमेरा ट्रॅप लावण्याचे काम केल्यामुळे हाच प्रश्न मला अनेक बांधांवर विचारला गेला आहे.

ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. या काळात त्यात दाट सावली असते, पाण्याचे पाट असतात, आसपास कुत्री, डुकरे आणि शेळ्या असतात आणि माणूस आत फारसा शिरत नाही. पिल्ले घालायला मादीला याहून सोयीची जागा तालुक्यात दुसरी नाही. त्यामुळे आण्णांना 'दर साली' दिसतात त्या वेगवेगळ्या माद्या नसून, त्याच क्षेत्रात वावरणारी एखादी मादी पुन्हा पुन्हा व्यालेली असण्याची शक्यता पुष्कळ आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतीच्या, दाट लोकवस्तीच्या प्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले होते. शेतीप्रदेशाच्या मानाने हा आकडा मोठाच आहे. पण १०० चौरस किलोमीटर म्हणजे कित्येक गावांची शिवारे, आणि त्यात पाच प्रौढ जनावरे, हे डोळ्यांसमोर आणले की 'सुळसुळाट' हा शब्द वापरताना हात आखडतो.

इथे एक कबुली देणे भाग आहे. २०२२ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. मात्र ही मोजणी प्रामुख्याने वाघ असलेल्या राज्यांतील जंगलभागाची आहे आणि निफाड-सिन्नरचा ऊस तिच्या जाळ्यात जवळजवळ येत नाही. म्हणजे वाद जिथे पेटलेला असतो, तिथलीच आकडेवारी सर्वांत तुटपुंजी असते. 'कमी झालेत' आणि 'वाढलेत' असे दोन्हीकडून ठासून सांगितले जाते, तेव्हा मी तरी गप्प बसतो.

परंतु कायदा आणि जीवशास्त्र यांची खरी गाठ मला अनुसूचीपेक्षा कलम ११ मध्ये पडलेली दिसते. या कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणे आणि सापळा लावणेही येते, म्हणजे गावकरी ज्या पिंजऱ्याची मागणी करतात तो पिंजरासुद्धा परवानगीशिवाय लावला तर शिकारच ठरतो. पुढे कलम ११ चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, असे सांगते की प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. वाचताना हे अत्यंत दयाळू वाटते आणि हेतूही चांगलाच आहे. मात्र 'दुसरीकडे हलवणे' हा निरुपद्रवी उपाय आहे असे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि ते गृहीतक आपल्याच शेजारी, जुन्नरमध्ये तपासले गेले आहे.

जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावरच्या जंगलात सोडण्यात आले आणि हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली. त्यांतील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. पकडलेल्या जनावराला अनोळखी मुलखात, दुसऱ्या बिबट्याच्या हद्दीत सोडले की ते भरकटते, पिंजऱ्यात राहिल्याचा ताण त्याच्यावर असतो, आणि इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत नवे, बहुधा तरुण जनावर येऊन बसते. हे प्रसिद्ध झाल्यानंतर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये मानव-बिबट्या संघर्षासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत सरसकट स्थलांतर टाळावे असे सांगितले. म्हणजे विज्ञान आले, पण ते मार्गदर्शक सूचनेच्या दाराने आले. परंतुकाचा मजकूर जिथे होता तिथेच आहे. गावात हल्ला होतो, लोक रस्त्यावर बसतात, तेव्हा अधिकाऱ्याच्या हाती कलम असते आणि सूचना कपाटात असते.

तुमच्या शेतात कॅरेट त्याच सरीत परत ठेवले गेले, ते मात्र याच समजुतीतून घडलेले आहे. पूर्वी अशी पिल्ले उचलून नेली जात, आणि मग पिल्ले शोधत फिरणाऱ्या मादीच्या चिडीला गाव तोंड देत बसे.

अंजनेरीचा वाटसरू

मी गिधाडाची बाजू मांडतो. वर्षातून दोन-चार वेळा मी अंजनेरीला जातो. पायऱ्यांच्या वाटेने वर चढताना कड्याकडे मान वळवली की कपारींखाली चुन्याचे ओघळ उतरल्यासारखे पांढरे पट्टे दिसतात. ती गिधाडांची विष्ठा असते. ओघळ ताजा असेल तर कपारीत घरटे नांदते आहे, एवढे दुर्बिणीशिवायही कळते. जोडी वर्षाला एकच अंडे घालते.

अनुसूची १ ने या पक्ष्याचे काय केले, तर माझ्या मते जवळजवळ काहीच नाही, कारण त्याची शिकार कोणी करतच नव्हते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली आणि लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून पुढे आले. जनावरांना दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर चढून ते काही दिवसांत मरते. त्याहून धक्का देणारा हिशेब असा निघाला की शंभरातल्या एखाद्याच मढ्यात औषधाचा मारक अंश असला तरी एवढी घट होण्यास तो पुरेसा आहे, कारण एका मढ्यावर कळपच्या कळप उतरतो.

शिकारीवर बंदी घालणाऱ्या, वन्यजीव कायद्याच्या कलम ९ खाली यात आरोपी कोणाला करणार? गाईला इंजेक्शन देणारा डॉक्टर, मेलेली गाय गावाबाहेर टाकणारा शेतकरी, की औषध कंपनी? त्यांतल्या कोणीही शिकार केलेली नव्हती. उपाय मिळाला तो औषधांच्या कायद्यात. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरू लागले, तेव्हा २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांचा जनावरांसाठीचा वापरही थांबवला गेला. मेलॉक्झिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय हाताशी होता म्हणून हे जमले. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६-अ मध्ये औषधापासून 'माणसांना किंवा प्राण्यांना' धोका असेल तर बंदी घालता येते असे शब्द आहेत. ज्या गाईला औषध टोचले तिला त्यापासून धोका नव्हताच, धोका होता तो तिला नंतर खाणाऱ्या पक्ष्याला, आणि 'प्राणी' या शब्दात तो बसला.

अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला याचा मला आनंद आहे, कारण त्यामुळे कडा सुरक्षित राहतो. पण गिधाड अन्नासाठी दिवसाला कित्येक किलोमीटर फिरते. त्याचे ताट राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर, त्र्यंबक-इगतपुरीच्या गोठ्यांमागे मांडलेले असते.

निवृत्त मास्तर, पंचवटी

चर्चा वाचून समाधान वाटले, पण वकीलसाहेबांच्या बोलण्यात 'केवळ विज्ञानाच्या आधारे' या शब्दांविषयी जो हेवा डोकावतो, त्याविषयी थोडे लिहावेसे वाटते. मी आयुष्यभर मुलांना जीवशास्त्र शिकवले आणि त्यातली उत्तरे बदलताना पाहिली.

अमेरिकेत १९७३ मध्ये लिटल टेनेसी नदीत बोटाएवढा एक मासा नव्याने आढळला. त्याला तिथे स्नेल डार्टर म्हणतात. त्याच्यासाठी १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ बांधून झालेले टेलिको धरण थांबवले. न्यायालयाने सांगितले की कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत आणि किती खर्च झाला हे आम्ही पाहणार नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने स्वतंत्र तरतूद करून धरणाला सूट दिली, आणि मासा इतर नद्यांत सोडला होता म्हणून तो तगला. २०२२ मध्ये त्याला यादीतून काढण्यात आले. इतके सगळे झाल्यावर २०२५ मध्ये काही संशोधकांनी जनुकांच्या व शरीररचनेच्या आधारे मांडले की ही वेगळी प्रजाती मुळी नव्हतीच, आधीच माहीत असलेल्या एका डार्टर माशाची ती पूर्वेकडची वस्ती होती. सगळ्यांना ते मान्य झालेले नाही. पण 'प्रजाती' ही ज्या कायद्याची वीट आहे, त्या विटेचीच भट्टी अजून चालू आहे, एवढे त्यातून कळते.

दुसरे असे की लाल यादीतल्या रेषा विज्ञानाने आखलेल्या असल्या तरी त्या निसर्गात सापडलेल्या नाहीत. १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत नामशेष होण्याची शक्यता ५० टक्के असेल तर 'अतिसंकटग्रस्त'. ती ५० टक्केच का, ४० का नाही? शक्यता किती आहे हे जीवशास्त्रज्ञ सांगेल, पण किती शक्यता आपण चालवून घ्यायची हे ठरवणे त्याचे काम नाही. माझी अपेक्षा मर्यादित आहे. सरकारने अनुसूची बदलताना आपल्यापुढे कोणती माहिती होती आणि ती मानली किंवा मानली नाही ती का, हे कारणांसह लिहून प्रसिद्ध करावे. निर्णय सरकारचाच राहू दे, निदान त्याच्याशी भांडायला कागद तरी असेल.

शरणपूर रोडवरचा वकील

मास्तर, हेवा वाटतो हे कबूल. आपली सूचना मला पटते आणि तिला थोडा आधारही आहे. २०१३ मध्ये गुजरातमधल्या गीरचे सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'प्रजातीचे सर्वोच्च हित' ही कसोटी लावली. सगळे सिंह एकाच ठिकाणी असतील तर एका साथीत संपूर्ण संख्या जाऊ शकते, हे जीवशास्त्रज्ञांचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले आणि सिंह हे राज्याच्या अभिमानाचे आहेत हा युक्तिवाद बाजूला ठेवला. सिंह मात्र आजतागायत कुनोला पोहोचलेले नाहीत.

कादवाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांची सूचना मी माझ्या प्रबंधिकेचा विषय म्हणून घेणार आहे: कलम ६१ खालील अधिसूचनांना कारणे जोडणे बंधनकारक करता येईल का.

आण्णांना मी काल अकोल्याचा आणि जुन्नरचा अभ्यास समजावून सांगितला. जुन्नरचे ४ आणि १७ हे आकडे त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि म्हणाले, "मग गेल्या साली आपण पिंजरा मागायला गेलो होतो, ते चुकलंच की." नंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मी सिन्नरच्या दादांकडे सोपवते. यंदाची टोळी नवीन आहे, मुकादमही नवा आहे. तोड सुरू होण्याआधी त्याला नेमके काय सांगून ठेवायचे?

सिन्नर-अकोले शिवेवरून

पिल्लू दिसताच त्या सरीतली तोड थांबवायची, पिल्लाला हात लावायचा नाही, फोटोसाठी घोळका जमू द्यायचा नाही आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. त्या जागेभोवतीचा चार-पाच सऱ्यांचा ऊस रात्रीपुरता उभा ठेवायचा, कारण मोकळ्या रानातून मादी पिल्लांपर्यंत यायला कचरते. तोड एका टोकाकडून सुरू करून दुसरे टोक मोकळे ठेवले तर दिवसाही तिला बाहेर पडायला वाट राहते. टोळीतली लहान मुले फडाच्या कडेला पाचटावर झोपवलेली असतात, त्यांना वस्तीवर ठेवायला सांगा आणि मुकादमाला हे पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत सांगा.